जुना प्रिंटर, नवा संगणक : भंगारात देण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबवली. निर्णय अमेरिकेत झाला, पण त्याची झळ तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. 'विंडोज ११' साठी 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो; इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. त्यामुळे आठ-दहा वर्षांचा धडधाकट संगणक बाजूला ठेवून अनेकांनी नवा घेतला. नवा संगणक टेबलावर आला आणि त्याला जुना प्रिंटर जोडला, तेव्हा खरी अडचण सुरू झाली. काल संध्याकाळपर्यंत कागद छापणारे यंत्र आज हूं की चूं करत नाही.

वरूडसारख्या गावात ही अडचण लहान नाही. हे संत्र्याचे गाव. इथल्या रेल्वे स्थानकाच्या नावातच 'ऑरेंज सिटी' आहे. हंगामात व्यापाऱ्याला ट्रकची बिल्टी हवी असते, शेतकऱ्याला सातबारा आणि पीकविम्याची पावती. जूनमध्ये उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि प्रवेशाचे अर्ज यांची गर्दी असते. कुणाला हजच्या अर्जाची प्रत काढायची असते, मशिदीला रमजानचे वेळापत्रक, मकतबला परीक्षेचे पेपर. यातली बरीच कामे मोठ्या दुकानांत होत नाहीत. घराच्या पुढच्या खोलीत एक संगणक आणि एक प्रिंटर मांडून एखादी आपा किंवा कॉलेजात जाणारा भाऊ ती करतो. त्यावर घरखर्चाचा एक भाग चालतो. प्रिंटर दोन दिवस बंद राहिला तर गिऱ्हाईक शेजारी जाते, आणि गेलेले गिऱ्हाईक सहज परत येत नाही.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे, "जुना झाला, आता नवाच घ्या." हा सल्ला कधी खरा असतो, पण बहुतेक वेळा घाईचा असतो. काल चालणारा प्रिंटर केवळ संगणक बदलल्यामुळे बंद पडला असेल, तर प्रिंटर बिघडल्याची शक्यता कमीच. बिघडले आहे ते दोघांमधले बोलणे.

मधला दुभाषा

संगणक आणि प्रिंटर यांची भाषा एक नसते. त्यांच्यामध्ये 'ड्रायव्हर' नावाचा छोटा प्रोग्राम दुभाष्याचे काम करतो. हा दुभाषा संगणकात राहतो, प्रिंटरमध्ये नाही. म्हणून संगणक बदलला की जुना दुभाषा जुन्या संगणकातच मागे राहतो आणि नव्या संगणकाला नवा शोधावा लागतो.

यातही प्रिंटरचे दोन प्रकार आहेत. काही प्रिंटर स्वतः शिकलेले असतात. त्यांना 'पीसीएल' किंवा 'पोस्टस्क्रिप्ट' यांसारखी सर्वमान्य भाषा समजते. त्यांच्यासाठी कंपनीचा एखादा सामाईक ड्रायव्हरही चालून जातो. दुसऱ्या प्रकारातले प्रिंटर स्वस्त ठेवण्यासाठी त्यांच्यातला मेंदूच कमी केलेला असतो. पानावर काळा ठिपका कुठे पडायचा, हे सगळे संगणकातला ड्रायव्हर ठरवतो आणि प्रिंटर फक्त तसे छापतो. आपल्याकडच्या दुकानांत वर्षानुवर्षे दिसणारे कॅननचा 'एलबीपी २९००' आणि एचपीचा 'लेझरजेट १०२०' हे याच जातीचे. 'लेझरजेट १०२०' तर बंद करून चालू केला की आपले स्वतःचे कामही विसरतो. दर वेळी ड्रायव्हरच त्याला ते पुन्हा शिकवतो. अशा प्रिंटरला नेमका त्याचाच ड्रायव्हर लागतो. 'जवळपासचा' चालत नाही.

हा दुभाषा कंपनीच्या मालकीचा असतो, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक नवा लेझर प्रिंटर दिला. तिथले एक प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये स्वतः सुधारणा केली होती : कागद अडकला की थांबलेल्यांना संगणकावर निरोप जाई. नव्या प्रिंटरमध्येही तसेच करायचे, तर प्रोग्रामचा मूळ मजकूर कुणी देईना. स्टॉलमन यांच्या मनात हा नकार घर करून राहिला, आणि पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी सर्वांना खुल्या असणाऱ्या प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या लिनक्सची मुळे त्या प्रकल्पातही आहेत. प्रिंटर आपल्या घरात असला तरी त्याचा दुभाषा दुसऱ्याच्या हातात असतो, हा तो जुना प्रश्न. वरूडच्या खोलीत बंद पडलेल्या प्रिंटरपाशी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

आधी दोष शोधा, मग खर्च करा

दोष तीनच ठिकाणी असू शकतो : प्रिंटर, केबल किंवा संगणक. ते याच क्रमाने तपासावे.

पहिले, प्रिंटर एकटा चालतो का? झेरॉक्स काढणारा प्रिंटर असेल तर संगणकाची केबल काढा आणि कॉपीचे बटण दाबा. प्रत नीट निघाली तर यंत्र ठीक आहे. सुया आदळून छापणारा एपसनचा 'एलएक्स' मालिकेतला डॉट मॅट्रिक्स असेल तर कागद पुढे सरकवणारे बटण दाबून धरत तो चालू करा. तो स्वतःच चाचणीचे अक्षर छापू लागतो. यातले काहीच नसेल तर सोपा उपाय म्हणजे जुन्या संगणकाला जोडून पाहणे. म्हणूनच नवा संगणक आला त्याच दिवशी जुना विकू नये. महिनाभर तरी घरात असू द्यावा.

दुसरे, केबल आणि खाच. केबल लावताच संगणकातून आवाज येतो का, ते ऐका. आवाजही नाही आणि पडद्यावर हालचालही नाही, तर केबल बदलून पाहा. प्रिंटरची यूएसबी केबल पाच मीटरपेक्षा लांब नसावी; दोन केबली जोडून लांबी वाढवू नये. नव्या संगणकाला निळ्या आणि काळ्या अशा दोन्ही खाचा असतील तर जुना प्रिंटर काळ्या खाचेत लावून पाहा. काही जुनी यंत्रे निळ्या, जलद खाचेत अडखळतात. संगणकाच्या पुढच्या बाजूच्या खाचेपेक्षा मागची बरी. लॅपटॉपला फक्त 'टाइप-सी' खाच असेल तर चांगल्या प्रतीचा जोड घ्या.

तिसरे, अडकलेली रांग. छापायला दिलेली कामे संगणकात रांगेने थांबतात. एक काम अडकले की मागची सगळी थांबतात. मग आपण पुन्हा पुन्हा 'प्रिंट' दाबतो आणि रांग वाढवतो. आधी संगणक आणि प्रिंटर दोन्ही बंद करून चालू करा. तरी रांग हलली नाही तर शोधाच्या चौकटीत 'सर्व्हिसेस' लिहा, यादीतली 'प्रिंट स्पूलर' ही सेवा थांबवा, 'सी' ड्राइव्हमधल्या 'विंडोज', 'सिस्टम३२', 'स्पूल', 'प्रिंटर्स' या फोल्डरमधल्या फाइली पुसा आणि सेवा पुन्हा सुरू करा. फक्त त्या शेवटच्या फोल्डरच्या आतल्या फाइली पुसायच्या. बाकी कशाला हात लावायचा नाही.

चौथे, काम भलतीकडेच तर जात नाही ना? विंडोजमध्ये 'माझा नेहमीचा प्रिंटर विंडोजला ठरवू द्या' अशा अर्थाची एक सोय असते. ती चालू असली की शेवटी वापरलेला प्रिंटरच मुख्य होतो. एकदा पीडीएफ बनवली की पुढचे सगळे कागद पीडीएफकडे जातात, आणि आपण प्रिंटरला दोष देत बसतो. 'सेटिंग्ज' मधल्या 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' या पानावर जाऊन ही सोय बंद करा आणि आपला प्रिंटर मुख्य करा. त्याच यादीत एकाच प्रिंटरची दोन नावे दिसत असतील, एकापुढे 'कॉपी १' लिहिलेले असेल, तर केबल कधीतरी दुसऱ्या खाचेत लावली गेली आहे. जे नाव फिके किंवा 'ऑफलाइन' दिसते ते काढून टाका आणि केबल कायम एकाच खाचेत ठेवा.

हे चारही झाले आणि तरी 'ड्रायव्हर इज अनअव्हेलेबल' असाच संदेश येत असेल, तर दुभाषाच नाही, हे पक्के झाले.

दुभाषा बसवताना

ड्रायव्हर उतरवण्यापूर्वी संगणक कोणता आहे ते पाहा. 'विंडोज ११' फक्त ६४-बिटमध्ये येते. प्रिंटरसोबत मिळालेल्या जुन्या सीडीवरचा ड्रायव्हर बहुधा ३२-बिटचा असतो, तो इथे चालत नाही. नवा ६४-बिटचा उतरवून घ्यावा लागतो. 'एलबीपी २९००' आणि 'लेझरजेट १०२०' या दोघांचेही ६४-बिट ड्रायव्हर आहेत.

'सेटिंग्ज' मधल्या 'सिस्टम' आणि 'अबाउट' या पानावर 'एआरएम' हा शब्द दिसला, तर त्या लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळ्या घडणीचा आहे. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो आणि जुन्या प्रिंटरसाठी तो बहुधा नसतोच. ज्यांचे काम जुन्या प्रिंटरवर चालते त्यांनी असा लॅपटॉप घेण्यापूर्वीच दुकानदाराला विचारावे. काही लॅपटॉप 'एस मोड' मध्ये येतात. त्यात बाहेरून आणलेला प्रोग्राम बसत नाही. या मोडमधून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण एकदा बाहेर पडले की परत जाता येत नाही. आणखी एक सोय आहे 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' नावाची. ती 'विंडोज ११' च्या २४एच२ या आवृत्तीपासून आली. ती चालू असेल तर कंपन्यांचे जुने ड्रायव्हर चालत नाहीत. मुळात ती बंद असते. कुणी चालू केली असेल तर बंद करा.

आता बसवण्याचा क्रम. प्रिंटर आधी यादीतून काढून टाका. केबल काढा. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून प्रिंटरचा पूर्ण क्रमांक टाकून ड्रायव्हर उतरवा. तो चालवा आणि पडद्यावर सूचना आल्यावरच केबल लावा. बरेच जण केबल लावूनच सुरुवात करतात. विंडोज मग स्वतःच काहीतरी बसवते आणि गोंधळ होतो. छपाई आणि स्कॅन दोन्ही करणाऱ्या यंत्राला दोन दुभाषे लागतात, हेही ध्यानात ठेवा. छपाई सुरू झाली म्हणून स्कॅन सुरू होईलच असे नाही. कंपनीचे पूर्ण सॉफ्टवेअर घ्यावे लागते.

बिल्टीचा प्रिंटर आणि उर्दूची पत्रिका

सुयांच्या प्रिंटरची गोष्ट वेगळी. एका फटक्यात कार्बनसह तीन प्रती काढणे लेझरला जमत नाही, म्हणून बिल्टी आणि वजनकाट्याच्या पावतीसाठी तो अजून टिकून आहे. जुन्या यंत्रांना पंचवीस टाचण्यांची रुंद केबल असते आणि नव्या संगणकाला ती खाचच नसते. यूएसबीत बदलणारा जोड मिळतो. तो लावल्यावर प्रिंटरच्या 'पोर्ट' च्या यादीत 'एलपीटी१' ऐवजी 'यूएसबी००१' निवडावे लागते. एवढे न केल्यामुळे अनेक चांगले प्रिंटर मुके राहतात. ड्रायव्हर मिळालाच नाही तर विंडोजमधला 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' हा ड्रायव्हर साधी इंग्रजी अक्षरे आणि आकडे छापतो. मराठी मात्र छापत नाही.

कुणाचा बिलांचा प्रोग्राम डॉसच्या काळातला असेल, तर तो ६४-बिट विंडोजवर सुरूच होत नाही. इथे दोष प्रिंटरचाही नाही आणि ड्रायव्हरचाही नाही. प्रिंटर बदलून एक रुपयाचाही फायदा होणार नाही.

तसेच अक्षरांचे. निकाहच्या पत्रिका, मदरशाची पत्रके, रमजानचे वेळापत्रक अनेक ठिकाणी 'इनपेज' मध्ये नस्तालिक लिपीत तयार होतात; मराठी मजकूर जुन्या 'शिवाजी' किंवा 'कृतिदेव' फॉन्टमध्ये असतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर कागदावर भलतीच चिन्हे उमटतात आणि प्रिंटर बिघडला असे वाटते. पडद्यावर अक्षर नीट दिसते का, ते आधी पाहा. पडद्यावरच चुकले असेल तर फॉन्टचा दोष. जुन्या संगणकावरून अशा सगळ्या महत्त्वाच्या फाइलींच्या पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत साठवला की कोणत्याही संगणकावर अक्षर तेच उमटते.

दुभाषा मिळालाच नाही तर

तरीही दोन वाटा उरतात. पहिली, जुन्या संगणकालाच प्रिंटरचा सोबती करावा. त्याचे इंटरनेट काढून टाका, बँकेचे आणि पासवर्डचे काम त्यावर करू नका. नव्या संगणकावर पीडीएफ बनवा, पेनड्राइव्हने तिकडे न्या आणि छापा. थोडी धावपळ होते, पण हंगाम निघून जातो. दोन संगणक तारेने जोडून प्रिंटर वाटून घेण्याची पद्धत २०२१ नंतर अवघड झाली आहे, कारण छपाईच्या यंत्रणेत सापडलेल्या मोठ्या सुरक्षा-त्रुटीमुळे नियम कडक झाले. त्यावर उपाय म्हणून सुरक्षाच बंद करायला सांगणारे व्हिडिओ फिरतात. त्यांच्या नादी लागू नये.

दुसरी वाट लिनक्सची. विंडोजने सोडून दिलेले बरेच प्रिंटर लिनक्सवर चालतात, आणि ते पेनड्राइव्हवरून सुरू करून, संगणकातले काही न पुसता, तपासून पाहता येते. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक वर्षानुवर्षे लिनक्सवर चालतात. तेव्हा हे फक्त इंजिनिअरांचे काम, असे समजायचे कारण नाही. कॉलेजात जाणाऱ्या पोरांना एखाद्या रविवारी ते करू द्यावे.

सावधगिरी

ड्रायव्हर शोधताना पहिल्या ओळीत दिसणारे संकेतस्थळ कंपनीचेच असेल असे नाही. 'मोफत ड्रायव्हर' म्हणून भलतेच प्रोग्राम देणारी ठिकाणे खूप आहेत. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर' क्रमांकावर फोन करणे त्याहून धोक्याचे. समोरचा माणूस गोड बोलून संगणकाचा ताबा घेणारे ॲप उतरवायला सांगतो आणि दहा रुपयांचे शुल्क भरायला लावतो. दहा रुपये भरताना खाते रिकामे होते. प्रिंटर दुरुस्त करायला कुणालाही तुमचा ओटीपी लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. लाज वाटून गप्प बसण्यात वेळ जातो, आणि पैसे अडवण्याची संधीही.

विजेचेही एक सांगायला हवे. लेझर प्रिंटर पावडर कागदावर पक्की करण्यासाठी आतला रूळ तापवतो आणि त्या क्षणी भरपूर वीज ओढतो. घरगुती इन्व्हर्टरवर किंवा संगणकाच्या छोट्या यूपीएसवर तो लावू नये. पावसाळ्यात ओलसर कागद अडकतो. रिम उघडली की उरलेला कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा.

केव्हा निरोप द्यावा

प्रिंटर एकटाही चालत नसेल, कागद ओढणारे रबर आणि तापणारा रूळ दोन्ही गेले असतील, किंवा दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर निरोप द्यायला हरकत नाही. नवा घेताना 'विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो का?' आणि 'मोबाइलवरून, कंपनीचे ॲप न घेता, छापतो का?' हे दोन प्रश्न विचारा. उत्तर 'हो' असेल तर त्याला सर्वमान्य भाषा येते, म्हणजे पुढचा संगणक बदलताना हीच अडचण सहसा येणार नाही. जुना प्रिंटर घंटागाडीत टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत ठिकाणीच जायला हवा. चालू स्थितीतला असेल तर ड्रायव्हरसह एखाद्या मकतबला किंवा वाचनालयाला द्यावा; बंद यंत्र दान म्हणून देणे म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या घरी पोहोचवणे. आपण इसराफ हा शब्द बहुधा ताटातल्या अन्नाबद्दल वापरतो. चालते यंत्र केवळ दुभाषा नाही म्हणून भंगारात जाणे, हाही त्याचाच प्रकार.

आजच करायचे काम

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे, की कंपन्यांचे प्रिंटर-ड्रायव्हर 'विंडोज अपडेट' मधून पुरवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने थांबवली जाईल. कंपनीकडून स्वतः उतरवलेला ड्रायव्हर बसवता येईल, पण आपोआप मिळण्याची सवय सुटणार आहे. शिवाय जुन्या मॉडेलची पाने कंपन्याही कधी ना कधी काढून टाकतात. यंत्र शाबूत राहते आणि दुभाषा आधी नाहीसा होतो.

म्हणून प्रिंटर सुरळीत चालतो आहे तोपर्यंतच त्याचा ६४-बिट ड्रायव्हर उतरवून दोन पेनड्राइव्हवर ठेवा. एका कागदावर प्रिंटरचा पूर्ण क्रमांक, कार्ट्रिजचा क्रमांक, केबल कोणत्या खाचेत लावायची ते आणि ड्रायव्हर कुठे ठेवला आहे ते लिहा आणि तो कागद प्रिंटरच्या पाठीला चिकटवा. घरातल्या एकालाच हे माहीत असेल तर तो पुण्याला शिकायला गेल्यावर काम अडते. अम्मीलाही, धाकट्या बहिणीलाही रांग कशी मोकळी करायची ते शिकवून ठेवा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि प्रवेशाच्या शेवटच्या तारखेला, दारात दहा मुले उभी असताना, तोच अर्धा तास कामी येईल.